टेबलावर उभा करू चिऱ्याचा कोट

छोट्या शिपायांच्या लढाया टेबलावर खेळणाऱ्या आपल्या मंडळींकडे किल्ले असतात, पण बहुतेक किल्ले परके. राखाडी दगडाचे उंच मनोरे, वर टोकदार छपरे, आणि त्यांच्यासमोर भगवा झेंडा घेतलेले मावळे. ते चित्र मला पटत नाही. गोव्यात नदीच्या वळणावळणावर किल्ले आहेत. हळदोण्याहून नदी ओलांडली की खोर्जुवे, खाडीच्या तोंडावर तेरेखोल, मांडवीवर रेइश मागुश, शापोराच्या टेकडीवर शापोरा. सगळे आपल्या तांबड्या चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे. मग टेबलावरचा कोटही चिऱ्याचाच हवा. तो कसा करायचा, ते पहिल्या मापापासून पावसाळ्यातल्या साठवणीपर्यंत इथे सांगतो.

नमुना म्हणून मी खोर्जुव्याचा कोट निवडला. हळदोण्याहून तारांचा झुलता वाटणारा पूल ओलांडला की बेटावर १७०५ चा हा छोटा चौकोनी कोट दिसतो. चार भिंती, चार कोपऱ्यांना चार बुरूज आणि आत मोकळे अंगण. पहिलाच किल्ला करणाऱ्याला याहून सोपा आराखडा मिळणार नाही. आणखी एक सोय आहे. तोफांच्या काळातले कोट बुटके, जाड आणि बाहेरून उतरत्या भिंतींचे असत. उंच पातळ भिंत तोफेच्या माऱ्याने कोसळते, बुटकी जाड भिंत मारा खाऊनही उभी राहते. हीच बुटकी भिंत खेळताना कामी येते, कारण तिच्यावरून हात सहज आत पोहोचतो आणि शिपाई हलवताना बाही अडकून बुरूज पडत नाही.

मापे शिपायाच्या तळापासून

कोटाची मापे कोटावरून काढायची नाहीत, शिपायाच्या तळावरून काढायची. माझ्या पहिल्या कोटाची फांजी, म्हणजे तटावरून चालायची वाट, मी दिसायला छान म्हणून २५ मिलिमीटर रुंद ठेवली होती. शिपायांचे गोल तळही बरोबर २५ चे. डिचोलीचा भाचा सुट्टीत आला होता, त्याने तटावर बंदूकवाले मांडायला घेतले.

"मामा, हे उभेच राहत नाहीत. एकाला हात लावला की दुसरा खाली जातो."

"आतून भिंतीला टेकवून ठेव रे."

"टेकवले तर कठडा मध्ये येतो!"

त्याचे बरोबर होते. तो तट मला पुन्हा करावा लागला. तेव्हापासून माझा नियम एकच आहे: फांजी तळापेक्षा किमान १५ मिलिमीटर रुंद हवी. म्हणजे २५ च्या तळाला ४० ची फांजी.

२८ मिलिमीटर उंचीच्या शिपायांसाठी माझी मापे अशी आहेत. भिंतीचा एक तुकडा २० सेंटिमीटर लांब. फांजीपर्यंत उंची ८ सेंटिमीटर, म्हणजे १:५६ या प्रमाणात खऱ्या जगातले साधारण साडेचार मीटर. त्यावर कठडा २ सेंटिमीटर, जो शिपायाच्या छातीच्या खालपर्यंत येतो. भिंतीची जाडी तळाशी ६ आणि माथ्यावर ५ सेंटिमीटर. बुरूज १४ सेंटिमीटरचा चौरस. दोन बुरूज आणि मधली भिंत मिळून एक बाजू ४८ सेंटिमीटरची होते. १२० सेंटिमीटरच्या चौरस टेबलावर हा कोट मध्यभागी मांडला तर चारही बाजूंना ३६ सेंटिमीटर रान उरते. हल्ला करणाऱ्याला तेवढी जागा लागतेच. ती राहिली नाही तर पहिल्याच डावात सगळे भिंतीला भिडतात आणि वेढ्याची मजा जाते.

१:७२ चे प्लास्टिकचे शिपाई असतील तर सगळी मापे चारपंचमांश करा. फांजी मात्र आपल्या तळावरूनच ठरवा.

सामान

मुख्य सामान म्हणजे फोम. पांढरा मण्यांचा थर्माकोल सगळीकडे मिळतो. चवथीच्या मखरांनंतर घरोघरी त्याचे तुकडे पडून असतात, तेही चालतात. पण चिऱ्याच्या रेषा कोरायला घेतल्या की त्याचे मणी उपटून येतात. शक्य असेल तर एक्सपीएस घ्या. हा छताच्या उष्णतारोधनासाठी वापरतात तो गुलाबी किंवा निळा, घट्ट पोताचा फोम. बांधकामाच्या ठिकाणी उरलेले तुकडे मागितले तर मिळतात. २५ मिलिमीटर जाडीचा तक्ता या कामाला उत्तम. कठड्यांसाठी १० मिलिमीटरची पट्टी लागेल. ती जाड तक्त्यातूनही कापून काढता येते.

फांजीची जमीन आणि कोटाचा तळ यांसाठी पाच मिलिमीटरचा सनबोर्ड घ्या. पाट्या बनवणाऱ्या दुकानांत कापून उरलेले तुकडे टाकूनच देतात. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला पाट, मी मुद्दाम टाळतो. गोव्याच्या पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात आणि एकाच बाजूला रंग लावला असेल तर पाट वाकतो. सनबोर्डला पाण्याचे काही होत नाही.

गोंद पांढरा, फेव्हिकॉलसारखा. रबर सोल्युशन किंवा उग्र वासाचा कुठलाही गोंद फोमला लावू नका. त्यातला द्रावक फोम खातो. माझ्या एका बुरुजाला मी तसा गोंद लावला होता. दहा मिनिटांत आत मुठीएवढी पोकळी झाली. डब्यातल्या स्प्रे रंगाचेही तसेच. उघड्या फोमवर तो कधीच मारायचा नाही.

बाकी सामान घरातलेच: लांब पात्याचा कटर आणि भरपूर पाती, स्टीलची पट्टी, संपलेली बॉलपेनची रिफिल, अॅल्युमिनियम फॉइल, नारळाच्या झाडणीचे हीर, आणि फुटक्या चिऱ्याचा मूठभर तुकडा. चिरा घर बांधणाऱ्याकडून किंवा खाणीच्या कडेचा घ्या. किल्ल्याच्या भिंतीतून खडाही काढू नका. त्या भिंती आधीच झिजल्या आहेत.

भिंत

फोमच्या २० बाय ६ सेंटिमीटरच्या तीन पट्ट्या कापून एकावर एक ठेवा. उंची होते साडेसात. वर पाच मिलिमीटरचा सनबोर्ड आला की आठ पूर्ण.

चिकटवताना दोन गोष्टी सांभाळा. एक्सपीएसमधून हवा जात नाही, त्यामुळे सगळीकडे गोंद थापला तर मधला गोंद आठवडाभर ओला राहतो, दमट हवेत त्याहूनही जास्त. गोंदाचे लहान लहान ठिपके द्या आणि हिराचे पाच-सहा सेंटिमीटरचे तुकडे वरून आरपार खुपसून थर पक्के करा. दुसरी गोष्ट, बाहेरच्या कडेचे दीड सेंटिमीटर कोरडे ठेवा आणि हीरही मधोमधच घाला. पुढे तिथूनच उतार कापायचा आहे. फोम कापायच्या, विजेवर तापणाऱ्या गरम तारेला सुकलेला गोंद किंवा हीर लागला की तार अडते आणि भिंतीवर खळगा पडतो.

उताराची युक्ती अशी. जाड पुठ्ठ्याचे दोन एकसारखे साचे कापा: तळ ६०, माथा ५०, उंची ७५ मिलिमीटर, आतली बाजू सरळ उभी आणि बाहेरची उतरती. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना एकेक साचा टाचण्यांनी लावा. आता गरम तार दोन्ही साच्यांच्या उतरत्या कडांवर टेकवून सावकाश वरून खाली आणा. हातात धरायचे धनुष्य असेल तर दोघांनी धरा आणि एकाच गतीने ओढा. तार फार तापली की फोम रुंद वितळतो आणि धूर होतो. फोमला टेकल्यावर हलकेच पुढे सरकेल इतकीच ती तापवा. खिडकी उघडी हवी, आणि हे काम लहान मुलांकडे देऊ नका. गरम तार नसेल तर कटरचे पाते पूर्ण बाहेर काढून, साच्यांवर टेकवून, चार-पाच हलक्या फेऱ्यांत कापा. पाते बोथट झाले की फोम फाटतो, म्हणून दर दोन भिंतींनंतर नवे पाते घ्या.

वर सनबोर्डची फांजी बसवा आणि तिच्या बाहेरच्या कडेला १० मिलिमीटर जाडीचा, २० मिलिमीटर उंचीचा कठडा. आत ४० उरले, म्हणजे नियम पाळला गेला. पोर्तुगीज कोट करत असाल तर कठडा साधा, सपाट ठेवा. मराठी किंवा आदिलशाही किल्ला हवा असेल तर कठड्याच्या जागी पाकळीच्या आकाराच्या चर्या कापून लावा आणि खाली जंग्यांची, म्हणजे बंदूक रोखायची, भोके पाडा. एवढ्या एका फरकाने कोट कोणाचा ते लांबूनही ओळखू येते.

अशा तीन साध्या भिंती आणि एक दरवाजाची. शिवाय आणखी एक भिंत करा, तिच्याबद्दल पुढे सांगतो.

बुरूज

बुरूज त्याच पद्धतीने, फक्त उतार बाहेरच्या दोन बाजूंना. त्याची जागा नीट समजून घ्या. बुरूज भिंतीच्या रेषेत बसवायचा नाही. भिंतीची बाहेरची बाजू बुरुजाच्या बाहेरच्या कडेपासून ३ सेंटिमीटर आत घ्या. बुरूज असा पुढे आला की त्यावरचे बंदूकवाले भिंतीच्या पायथ्याला चिकटलेल्या शत्रूवर बाजूने मारा करू शकतात. बुरूज बांधायचे कारणच ते. टेबलावर हे तीन सेंटिमीटर विसरलात तर शिड्या लावणारे शत्रू कोणाच्याच नजरेत येत नाहीत आणि डाव एकतर्फी होतो.

बुरुजाच्या माथ्यावर कठड्याच्या आत साधारण १२ सेंटिमीटरचा चौक मिळतो. एक तोफ आणि चार गोलंदाज त्यात आरामात मावतात. कठड्यात तोफेसाठी आत १२ मिलिमीटर आणि बाहेर २० मिलिमीटर रुंद अशी पसरट खाच कापा, म्हणजे तोफेचे तोंड डावी-उजवीकडे फिरवता येते.

फांजीवर जायला पायऱ्यांऐवजी उतार करा. तोफ पायऱ्यांवरून चढत नाही, शिवाय अरुंद पायरीवर गोल तळाचा शिपाईही टिकत नाही. भिंतीच्या आतून २० सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद पाचर लावली की आठ सेंटिमीटरची चढण होते. तिच्यावर गोंद लावून वाळू भुरभुरा, म्हणजे शिपाई घसरत नाहीत.

दरवाजा आणि खिंडार

दरवाजाची कमान ५ सेंटिमीटर रुंद आणि साडेपाच उंच. दारे आईस्क्रीमच्या काड्यांची, उभ्या काड्यांवर मागून दोन आडव्या पट्ट्या. दारावरच्या खिळ्यांसाठी गोंदाचे थेंब टाचणीच्या टोकाने टेकवा. सुकल्यावर खरे उठाव वाटतात. दारे चिकटवू नका, नुसती अडकवून ठेवा. खेळात दरवाजा फुटला की काढता आली पाहिजेत.

आता ती जादा भिंत. कोणत्याही भिंतीच्या जागी बसेल अशी, त्याच लांबीची, पण मधोमध ढासळलेली. १६८३ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होरने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घालून तोफांनी तट फोडायला घेतला. संभाजी महाराज सैन्य घेऊन मदतीला आले आणि पोर्तुगिजांना वेढा उठवून परतावे लागले. ही लढाई टेबलावर खेळायची तर तट खेळता खेळता फुटला पाहिजे. आमच्याकडे एका भिंतीला तोफेचे तीन नेमके आघात बसले की साबूत भिंत उचलून तिथे खिंडाराची भिंत ठेवतात.

खिंडार कापताना नुसता व्ही आकार देऊ नका. पाते न वापरता हाताने फोम मोडा, मग कड खरीखुरी फुटलेली दिसते. खाली पडलेल्या ढिगाऱ्यासाठी ५ बाय ५ बाय ९ मिलिमीटरचे शंभरेक ठोकळे कापून ओता, मध्ये लाल माती. ढिगाऱ्यात ३० मिलिमीटरच्या तीन-चार सपाट जागा ठेवायला विसरू नका. खिंडारातून चढणारा शिपाई उभा राहू शकला नाही तर एवढ्या मेहनतीचे खिंडार वायाच गेले.

चिऱ्याचे रूप

या कामाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो आणि तुम्हीही द्यावा असे मला मनापासून वाटते. बाकी सगळे मापाने होते, हे बघून बघून होते.

खोर्जुव्याच्या भिंतीजवळ जाऊन उभे राहा, तळवा ठेवा. चिरा गुळगुळीत नसतो. त्याला मधाच्या पोळ्यासारखी भोके असतात, काही करंगळी जाईल एवढी. खाणीतून काढला तेव्हा तो कुऱ्हाडीने कापता येईल इतका मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. म्हणून त्याच्या कडा सरळ पण कोपरे झिजलेले दिसतात. रंगही एक नाही. शेजारशेजारच्या तीन चिऱ्यांत एक विटकरी, दुसरा पिवळसर, तिसऱ्यात जांभळ्याची झाक. याला जांभाही म्हणतात.

आजचा घरबांधणीचा चिरा साधारण ३८ सेंटिमीटर लांब आणि १९ उंच असतो. १:५६ मध्ये तो ७ बाय साडेतीन मिलिमीटर होईल. एवढे बारीक कोरायला बसलात तर एका भिंतीला सहाशेच्या वर चिरे येतात. मी ९ बाय ५ घेतो. डोळ्याला खटकत नाही आणि रंग भरताना प्रत्येक चिरा वेगळा सापडतो.

आधी पट्टी लावून पाच-पाच मिलिमीटरवर आडवे थर कटरने अगदी हलके चिरा. मग उभ्या रेषा, पण सांधेमोड सांभाळून. वरचा सांधा खालच्या चिऱ्याच्या मधोमध यायला हवा. गवंडी असेच बांधतो, आणि दोन थरांचे सांधे एका रेषेत आले तर बघणाऱ्याला लगेच काहीतरी चुकल्यासारखे वाटते. त्यानंतर रिकाम्या रिफिलने त्याच रेषा दाबत न्या, म्हणजे सांधे उघडतात. कोपऱ्यावर रेषा दोन्ही बाजूंना जुळल्याच पाहिजेत. चिरा कोपऱ्यावर वळतो, संपत नाही.

आता फुटका चिरा हातात घ्या आणि फोमवर दाबून, जरा फिरवून उचला. पुढच्या जागी वेगळी बाजू दाबा. खऱ्या चिऱ्याची भोके फोमवर उमटतात. कुठल्याही विकतच्या साच्याने हा पोत येत नाही. मग फॉइलचा चुरगळलेला गोळा सगळीकडे हलका थोपटा. शेवटी दहा-पंधरा चिरे बोटाने जरा आत दाबा आणि दोन-तीन पूर्ण उपटून काढा. तीनशे वर्षांची भिंत सगळीकडे सारखी नसते.

साधा थर्माकोल वापरला असेल तर आधी दीड-दोन मिलिमीटर वॉल पुट्टीचा लेप द्या आणि ती अर्धवट सुकल्यावर याच रेषा तिच्यात कोरा.

रंग

पहिला हात संरक्षणाचा. एक भाग फेव्हिकॉल, दोन भाग गडद तपकिरी इमल्शन, थोडे पाणी. दोन हात द्या, सगळ्या सांध्यांत पोचू द्या. काळा वापरू नका. चिऱ्याच्या सावलीत काळे नसते, गडद तपकिरी असते.

पुढचे सगळे रंग अॅक्रेलिक. पोस्टर कलर स्वस्त पडतो, पण सुकल्यावरही पाण्यात विरघळतो. वरून पातळ रंगाचा हात दिला की खालचे सगळे काम वाहून येते.

सगळीकडे बर्न्ट सिएना लावा, सांधे मोकळे ठेवून. मग बारीक ब्रशने दर पाच-सहा चिऱ्यांमागे एकाला वेगळा रंग: कधी यलो ऑकर मिसळलेला, कधी इंडियन रेड, क्वचित एखाद्याला थोडा जांभळा. यासाठी दोन संध्याकाळी राखून ठेवा. नंतर अगदी पातळ गडद तपकिरी सगळीकडून सोडा, तो भोकांत आणि सांध्यांत जाऊन बसतो. पूर्ण सुकल्यावर यलो ऑकरमध्ये थोडा पांढरा घालून, ब्रश कागदावर जवळजवळ कोरडा करून, उंचवट्यांवरून फिरवा.

मग पाऊस आणा. आपल्या भिंती चार महिने भिजतात, त्याची खूण रंगात हवी. कठड्याच्या माथ्यावर आणि जिथून पाणी ओघळते तिथे काळपट हिरवे उभे ओघळ, पायथ्याशी दीड-दोन सेंटिमीटर शेवाळ. उन्हाळ्यातला कोट हवा असेल तर हिरवा कमी आणि काळा जास्त, कारण सुकलेले शेवाळ काळे पडते. शेवटी मॅट वॉर्निश, ब्रशने.

जमीन

लाल माती अंगणातलीच घ्या. मलमलच्या कापडातून चाळा आणि तव्यावर दहा-पंधरा मिनिटे भाजा, म्हणजे तिच्यातली बुरशी आणि किडे मरतात. तळाला गोंद लावून भुरभुरली की रंग द्यायचीही गरज नाही. सुक्या गवतासाठी काथ्याचे बारीक तुकडे उभे रोवा. पुष्कळ जण वापरलेली चहापत्ती सुचवतात. आपल्या हवेत तिला पावसाळ्यात बुरशी येते, म्हणून मी ती सोडली.

अंगणात एखादे घर ठेवायचे तर छप्पर खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचे करा. वरचा कागद ओला करून सोलला की आतल्या नाल्या नळ्यांच्या कौलांसारख्या दिसतात. सपाट मंगळुरी कौले नकोत. त्यांचे कारखाने १८६० च्या दशकापासूनचे, आपला कोट त्याच्या दीडशे वर्षे आधीचा.

तळाला खालून लोखंडी वॉशर चिकटवा, भिंतीला चार आणि बुरुजाला सहा. फोम हलका असतो आणि आपल्याकडे पंख्याशिवाय बसता येत नाही. एका रविवारी ऐन हल्ल्याच्या वेळी वाऱ्याने आमचा उत्तरेचा तट शिपायांसकट सरकला होता, तेव्हापासून वॉशर चुकवत नाही.

केव्हा करावा, कसा ठेवावा

चवथ उरकली, पाऊस ओसरला की सुरुवात करा, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत रंग होतो. आषाढ-श्रावणात पुट्टी आणि गोंद सुकत नाहीत आणि वॉर्निश दुधाळ पडते. तुकडे सुटे, जुन्या साडीत गुंडाळून झाकणाच्या प्लास्टिकच्या खोक्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पुठ्ठ्याचे खोके नको, वाळवी आधी तेच शोधते. खेळायला दुसऱ्या गावी नेताना उन्हात बंद गाडीत ठेवून जाऊ नका. गडद रंगाचा फोम तापून वाकतो आणि मग भिंत बुरुजाला भिडत नाही.

खोक्यावर बाहेरून लिहून ठेवा: भिंती ३, दरवाजा १, खिंडार १, बुरूज ४, उतार २. खेळ संपल्यावर दारे मोजून आत टाका. सगळ्यात आधी हरवतात ती दारेच.